दोर मोकळा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर इथेच थांबा. मला कुणाला पटवायचं नाही. ज्याच्यावर हे गुजरलं तो प्रसेनजित माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

भुतं म्हणे रात्रीच निघतात...

हे भर दुपारी घडलं. मागच्या मे महिन्यात, मोताळ्याकडच्या एका शेतात. गावाचं नाव सांगणार नाही, तिथे माणसं अजून राहतात.

प्रसेनजित आणि त्याचा थोरला भाऊ धम्मरत्न विहिरीत पडलेल्यांना बाहेर काढायचे. गाय असो, बकरी असो, माणूस असो. फोन आला की मोटारसायकलवर दोर टाकून दोघं हजर. धम्मरत्न खाली उतरायचा. प्रसेनजित वर 'आठ' सांभाळायचा.

आठ म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराची, तळहाताएवढी धातूची कडी. एक भोक मोठं, एक लहान, बाजूला दोन कान. ती झाडाला बांधायची आणि दोर तिच्यातून वळसा देऊन घ्यायचा. मग दोर असा आवळून चालतो की चांगल्या धिप्पाड गड्यालाही वरचा एकटा माणूस सावकाश खाली सोडू शकतो.

पाय टेकले की धम्मरत्न ओरडायचा, "दोर मोकळा!"

मगच प्रसेनजित दोर ढिला करायचा. ते शब्द आल्याशिवाय कधीच नाही.

त्या दुपारी वामनराव नावाचे शेतकरी मोटर बघायला विहिरीत उतरले आणि पडले. पाय मोडला. खाली अंधारात, पाण्याच्या पलीकडच्या कपारीला धरून ते कण्हत होते.

काठावरच्या गर्दीत शेजारच्या शेतातली शालूबाई उभी होती. म्हातारी हळूच म्हणाली, "बापू, ह्या इहिरीतून हाक आली, त तीनदा आल्याबिगर ओ नका देजा. तिले दोनदाच बोलता येते."

"कोनाले?" प्रसेनजितने विचारलं.

म्हातारीने पदर तोंडाला लावला.

धम्मरत्न खो खो हसला. "आजी, आमी बाबासाहेबाची लेकरं. भूतच आमाले भेते!"

कंबरेला हूक अडकवून तो उतरला. आठातून दोर सरसर जात होता.

अर्ध्यात असताना खालून आवाज आला...

"दोर मोकळा!"

प्रसेनजितचा हात थांबला. दोर तर ताणलेला होता. वजन हाताला लागत होतं.

"दोर मोकळा!"

"दादा, पोचला काय?"

"कुठी पोचतो बे? अर्ध्यात लटकून राह्यलो. थांबला काऊन?"

"तूच त म्हनलं, दोर मोकळा. दोनदा!"



"मी काई बोल्लोच नाई, प्रसेन."

आता तुम्हीच सांगा, माणसाने करावं काय? प्रसेनजितने दोर आणखी आवळला. "दादा, वर ये. ओढतो मी."

"अन् ह्या मानसाले मरू देऊ काय? सोड गुमान."

त्याने सोडला. हळूहळू. मग हातातलं वजन गेलं. दोर हलका झाला.

"दोर मोकळा!"

तोच आवाज. दादाचाच.

प्रसेनजितने आयुष्यात कधी दाराला लिंबू-मिरची बांधली नाही. पण आत्ताच कानांनी जे ऐकलं, ते कसं विसरणार? हात ढिला होईना.

"दोर मोकळा!"

दोनदा झालं. तिसऱ्यांदा हाक आली की सोडतो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने श्वास रोखला.

तिसरी आलीच नाही...

"दादा?"

"दादा, बोल ना बे!"

त्याने दोर ओढला. भराभर वर आला. टोकाला नुसता हूक होता.

पुढे दुसरी माणसं उतरली आणि वामनरावांना बाहेर काढलं. बाजेवर टेकवल्या टेकवल्या त्यांनी प्रसेनजितचं मनगट धरलं.

"तुमी दोर काऊन नाई सोडला? माह्याकडे यायले त्याले दोर पुरत नोहता. तीनदा ओरडला तो! मंग हूक काढला अन् पोहत निंघाला. मधातच खाली गेला. कोनी पाय ओढल्यावानी."

तीनदा.

प्रसेनजितने दोनच हाका ऐकल्या होत्या. काठावर एवढी माणसं होती, सगळ्यांनी दोनच ऐकल्या होत्या.

धम्मरत्न बुडणारा गडी नव्हता. नळगंगेच्या धरणात पोहत मोठा झालेला. लोकांनी मोटरी लावून विहीर उपसली. तळ उघडा पडला. गाळ, फुटकी बादली, दगड.

दादा नव्हता.

बाजूला ना भुयार, ना दुसरी वाट. गाळसुद्धा पाट्या भरभरून वर काढला. काही नाही.

प्रसेनजितने आठ झाडावरून सोडला, पण त्यातला दोर काढला नाही. तसाच घरी आणला आणि पडवीच्या आकड्याला टांगला. आता दिवसभर दोर धरून तिथेच बसतो. कामधंदा सुटला. महामाया मावशी भरवते तेव्हा दोन घास खातो, तेही डाव्या हाताने.

धम्मरत्नची बायको, धम्मशीला वहिनी, रडून रडून थकली. "भावजी, काढा तो दोर. मोकळं करा त्यायले. मलेबी करा."

त्याचं उत्तर ठरलेलं. "दादानं म्हटलं की करतो."

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. दुपारचीच वेळ. म्हटलं, याने जरा नीट जेवावं, म्हणून दोर त्याच्या हातातून माझ्या हातात घेतला.

जड होता.

दोराचं दुसरं टोक माझ्यासमोर फरशीवर पडलेलं होतं, वेटोळं करून. मला दिसत होतं. आणि तरी आठाने वळसा आवळून धरला होता, आणि माणसाचं वजन माझ्या हाताला लागत होतं...

"दोर मोकळा!"

लहानपणापासून ऐकलेला आवाज.

"दोर मोकळा!"

आत वहिनी भांडी घासत होती. तिचा हात क्षणभरही थांबला नाही.

प्रसेनजितने ताटावरून मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आयकलं ना तू? आता तिसरी येते. थांब."

मी थांबलो नाही. दोर त्याच्या हातात दिला आणि चपलाही न घालता रस्त्यावर आलो.

तिसरी आली असती तर मी दोर सोडला असता का? आणि सोडला असता, तर मोकळं नेमकं कोण झालं असतं... ते मला अजून कळत नाही.