सहाव्या रकान्यातलं नाव

"मारू नका हो त्याला! मार खाऊन तो काही बोलायचा नाही..."

हेडफोन तिसऱ्यांदा भिंतीवर आपटायला मियाओ छिंगनं हात उचलला होता, तो तसाच राहिला. डिसेंबरचा बोचरा वारा, चीनमधल्या लानचौच्या बोडक्या डोंगरांवरून उडत येणारी धूळ, आणि कँटीनच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली शंभरएक पोरं. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, सगळ्यांचे डोळे मिटलेले. इंग्रजीच्या परीक्षेतला ऐकण्याचा भाग विद्यापीठाच्या रेडिओवरून हेडफोनात यायचा, म्हणून परीक्षेआधीचे पंधरा दिवस तिथं रोज दुपारी बारा ते साडेबारा ट्रायल असायची. ज्याच्या हेडफोनात आवाज येई, त्याच्या जिवात जीव येई. छिंगच्या हेडफोनात नुसती खरखर.

"तुम्हाला काय करायचंय?" ती उसळून म्हणाली. "माझा हेडफोन, मी आपटीन नाहीतर वाजवीन!"

"आपटा की. पण भिंत विद्यापीठाची आहे."

उंच, किडकिडीत, गळ्यात एक जुनाट हेडफोन अडकवलेला मुलगा. हसला की त्याचा एकच गाल आत जायचा. छिंगनं ते बघितलं आणि उगीच स्वतःवरच चिडली. तोवर त्यानं तिच्या हातातून हेडफोन घेऊन मागचं झाकण उघडलंसुद्धा.

"शेवटचं कधी उघडलं होतं हे?"

"जूनमध्ये. परीक्षेला."

"आणि सेल आतच ठेवले?"

"...हो."

"झालं मग. कुजलेत ते. बघा, हिरवं पाणी सुटलंय." त्यानं हळूच विचारलं, "काय शिकता तुम्ही?"

छिंगनं मान खाली घातली. "बटाट्याची कूज."

तो एवढ्या मोठ्यानं हसला, की आजूबाजूच्या चारपाच पोरांनी डोळे उघडून त्याला शिव्या घातल्या.

आता हसायला त्याचं काय जात होतं! छिंगची ही तिसरी खेप होती. इंग्रजीच्या सहाव्या पातळीच्या परीक्षेत चारशे पंचवीस मार्क पडल्याशिवाय तिच्या विद्यापीठात एम.एस्सी.ची पदवी हातात देत नसत. पहिल्या खेपेला तिला चारशे दोन पडले होते, दुसऱ्या खेपेला चारशे अठरा. बटाट्याच्या रोगांवर तीन वर्षं घासून तिचा प्रबंध तयार होता. दिंगशीच्या बटाटा केंद्रात नोकरी ठरली होती, पण पदवी मिळाली तरच. पुढच्या जूनची परीक्षा देऊन उपयोग नव्हता. तिचा निकाल लागेपर्यंत जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. म्हणजे काय व्हायचं ते आत्ताच, नाहीतर सगळं मुसळ केरात. वाचणं-लिहिणं तिला बरं जमायचं. घोडं पेंड खायचं ते ऐकण्यात.

"उद्या साडेबारानंतर उपकरणांच्या खोलीत या," तो म्हणाला. "तोवर दुरुस्त करून ठेवतो. आणि सेल नवे आणा... बटाटे नकोत."

नाव सांगायचं राहिलं त्याचं. पण दुसऱ्या दिवशी बारा वाजता मैत्रिणीचा हेडफोन कानाला लावून छिंग भिंतीपाशी उभी राहिली, आणि कानात कुणीतरी म्हणालं, "नमस्कार. ट्रायल सुरू होते आहे. आवाज येत नसेल तर हेडफोन भिंतीवर आपटू नये. भिंत विद्यापीठाची आहे."

छिंगनं खाडकन डोळे उघडले. मेला! अख्ख्या विद्यापीठाला ऐकवलं! आणि तरी तिला हसू येत होतं.

थान युए त्याचं नाव. इलेक्ट्रॉनिक्सला होता, तिच्या एक वर्ष मागं. दोन वर्षं रेडिओच्या त्या उपकरणांच्या खोलीत काम करत होता आणि परीक्षेच्या दिवशी तिथलं बटण दाबायची ड्युटी त्याचीच असायची. त्या बटणाचा त्याला कोण अभिमान! "आठ हजार पोरांचे कान माझ्या या बोटाखाली असतात," असं तो बोट नाचवत सांगायचा.

मग रोज साडेबारानंतर छिंग त्या खोलीत जायला लागली. मोडक्या टेपरेकॉर्डरांच्या फळ्या, काचेच्या बरणीत तरंगणारी त्याची चहाची पानं, आणि एक डुगडुगणारी खुर्ची. तो जुन्या परीक्षांचे तुकडे लावायचा आणि ती ऐकायची.

"काय ऐकलंत?"

"एक प्राध्यापक... काहीतरी... नंतर एक शब्द आला, तो मला कळला नाही."

"आणि त्याच्या पुढं?"

"पुढचं कुठलं ऐकतेय मी! त्या शब्दापाशीच होते ना."

त्यानं टेप थांबवली. "तुमची बस चुकली तर काय करता हो? तिच्या मागं धावत सुटता?"

"नाही... थांबते."

"मग इथं का धावता? गेली ती गेली. पुढची येतेय तिच्याकडं बघायचं."

"बोलायला काय जातंय तुमचं! आणि काय हो, तुम्ही-तुम्ही काय लावलंय? म्हातारी झाल्यासारखं वाटतं मला."

"मग तू म्हणू?"

"...म्हणा."

"वा! मी तू म्हणायचं आणि तू तुम्ही म्हणायचं? हा कुठला न्याय?"

छिंगनं नवे सेल हेडफोनात घातले, काढले, परत घातले. "बरं... तू," ती पुटपुटली आणि तिचे कान तापले.

त्यानंतर दोघं नूडल्स खायला जायची. ती केसासारख्या बारीक मागवायची, तो दोन बोटं रुंद पट्ट्यांच्या.

"बारीक खाणारी माणसं हट्टी असतात," तो रस्सा फुंकत म्हणायचा.

"कोण म्हणतं?"

"मी. रोज समोर बघतोय ना."

"आणि रुंद खाणारी?"

"ती... धीर धरून असतात." असं म्हणून तो तिच्याकडं बघायचा, आणि मग एकदम मिरचीच्या तेलाकडं. आवडला होता तो तिला. झालं, सांगून टाकलं! पण परीक्षेला आठ दिवस उरलेल्या बाईनं असलं काही मनात आणू नये, असं ती स्वतःला रोज सकाळी जिन्यात उभी राहून इंग्रजी घोकताना बजावायची, आणि दुपारी बारापर्यंत विसरायची.

परीक्षा शनिवारी होती. बुधवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'उद्यापासून रेडिओच्या खोलीत येऊ नकोस. का ते शनिवारनंतर सांगतो. नीट अभ्यास कर.'

एवढंच! छिंगनं तो मेसेज पंधरा वेळा वाचला. का येऊ नको? काय झालं? मी काही बोलले का? गुरुवारी बारा वाजता तिनं हेडफोन लावला तर कानात एका मुलीचा आवाज, गोड आणि सपाट. छिंगला तो अजिबात आवडला नाही. तिनं त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही, वर 'अभ्यास!' एवढाच मेसेज टाकला.

शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही. ती त्या खोलीत गेली. तिथं सूर्यफुलाच्या बिया सोलत ती गोड आवाजाची मुलगी बसली होती. होऊ यान तिचं नाव.

"थान युए? तो ड्युटीवर नाही आता," ती टरफल थुंकत म्हणाली. "फॉर्म असतो ना ड्युटीवाल्यांना. सहाव्या रकान्यात विचारतात, परीक्षेला बसणाऱ्यांत तुमचं जवळचं कोणी आहे का? असेल तर खोलीत पाय ठेवायचा नाही, ड्युटी बंद. नियमच आहे. यानं लिहिलं एक नाव."

"कुणाचं?" छिंगनं विचारलं.

"कुणास ठाऊक! रेडिओ सांभाळणाऱ्या छ्वी सरांनी फॉर्म कुलपात घातलाय. मुलगी आहे एवढं नक्की. बघ बाई! त्या बटणावर एवढा जीव होता त्याचा, पण तिच्यासाठी सोडलं. याला म्हणतात प्रेम."

छिंग जिना उतरली तेव्हा तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. म्हणजे आहे कुणीतरी. जवळचं. आणि आपण येड्यासारखे रोज नव्या सेलच्या जोड्या घेऊन जात होतो! शनिवारनंतर सांगतो म्हणे... हेच सांगणार होता. तिला त्याचा राग आला, त्या न पाहिलेल्या मुलीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण उद्या परीक्षा होती आणि तिच्या डोक्यात इंग्रजीचा एक शब्द उरला नव्हता. रात्री झोपेचं खोबरं झालं.

शनिवारी दुपारी तीनला निबंध सुरू झाला. साडेतीनला सगळ्या वर्गानं एकदम हेडफोन चढवले. छिंगनं सेल बघायला झाकण उघडलं, तर आत त्यानं चिकटवलेली बारीक चिठ्ठी. रेडिओचा आकडा, आणि खाली 'परीक्षेनंतर सेल काढणे!' तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात कानात घंटी वाजली.

पहिला प्रश्न आला. त्याची ती कशी असेल? लांब केसांची? दुसरा आला. बारीक नूडल्स खाते की रुंद? दोन्ही प्रश्न गेले. कुणी काय बोललं, तिला देवाशपथ आठवेना. चारशे अठरा, चारशे अठरा, असं डोक्यात वाजायला लागलं. संपलं सगळं, हात टेकावेत आता...

गेली ती गेली. पुढची येतेय तिच्याकडं बघायचं.

त्याच्याच आवाजात ऐकू आलं तिला. कुणाचा का असेना तो, वाक्य तर तिला दिलेलं होतं! तिनं ओठ चावला, पेन्सिल घट्ट धरली आणि तिसऱ्या प्रश्नावर कान लावला. एक शब्द निसटला, तिनं जाऊ दिला. आणखी एक निसटला, तोही जाऊ दिला. पुढची बस येत होती आणि ती चढत होती.

साडेपाचला ती बाहेर आली तर फाटकाशी तो. नाक लाल झालेलं, हातात गरम नाशपातीच्या रसाचा पेला.

"कसा गेला?" तो धावतच आला.

"पहिले दोन गेले."

"आणि बाकीचे?"

"आले बहुतेक." तिनं पेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमची ती बाहेर आली नाही वाटतं अजून?"

"परत तुम्ही? आणि कोण ती?"

"सहाव्या रकान्यातली!"

थान युएचे कानसुद्धा लाल झाले. "यान बोलली? त्या पोरीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!"

"नाव काय तिचं?"

"छिंग, ऐक ना..."

"नाव विचारलं मी!"

"मियाओ छिंग," तो म्हणाला.

मागून पोरांचा लोंढा येत होता, कुणी उत्तरं ताडून बघत होतं, कुणी रडत होतं. छिंग मधोमध उभी राहिली आणि धक्के खात राहिली.

"माझं?" तिनं विचारलं. "मी... जवळची?"

"मग खोटं लिहू? त्याच्या पुढं नातं काय ते लिहायचं होतं. छ्वी सर डोक्यावर उभे. मी लिहिलं, 'अजून विचारलेलं नाही.'"

"आणि सर?"

"म्हणाले, गाढवा, आधी विचारायचं मग फॉर्म भरायचा! पण सही केली."

"अरे, मग मला आधी सांगायचं ना!"

"परीक्षेच्या तोंडावर? एका शब्दापाशी अडकून बसतेस तू. मी तर अख्खा माणूस आहे."

"आणि न सांगून काय मिळवलंस? दोन दिवस नुसती तळमळले मी! ते दोन प्रश्न तुझ्यामुळं गेलेत, कळलं?" तिनं त्याच्या हातातून पेला हिसकावला, घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. रडूही येत होतं आणि हसूही.

"मग आता विचारतो," तो हळूच म्हणाला. "काय लिहू त्या रकान्यात?"

हो हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण पदवी नाही तर दिंगशी नाही, दिंगशी नाही तर गावी जाऊन भावाच्या बियाण्यांच्या दुकानात बसायचं. याच्या गळ्यात लोढणं होऊन पडायचं नव्हतं तिला. "निकाल लागू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा ती गावी होती. अंगणात बर्फ, आत शेगडीवर भाजत घातलेले बटाटे. दहाच्या ठोक्याला तिनं आपला नंबर टाकला आणि पडद्यावर ते चाक गरगरत राहिलं. देशभरातली पोरं एकाच वेळी तुटून पडली असणार. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आई दोनदा डोकावून गेली. छिंगला बसवेना, उठवेना. आणि त्या चाकाकडं बघता बघता तिला वाटलं, हे काय चाललंय आपलं? दोन महिने एका थांब्यावर उभे आहोत आपण, आकडा येईल मग हो म्हणू म्हणून! तिनं फोन उचलला.

"लागला?" पहिल्याच घंटीला तो ओरडला.

"नाही अजून. त्याच्या आधीच सांगते. पास होवो नाहीतर नापास... हो."

"काय हो?"

"आता काय फोड करून सांगू? रकान्यात हो म्हणून लिही!"

"छिंग," तो म्हणाला, "परत एकदा म्हण. माझा एक शब्द निसटला."

"निसटला तो निसटला," ती म्हणाली, आणि पडद्यावरचं चाक थांबलं. आकडे उमटले. तिनं वरून खाली वाचले, खालून वर वाचले. मग पडदा पुसून परत वाचले.

"हॅलो? छिंग? काय झालं? बोल ना... किती?"

"थान युए," ती सावकाश म्हणाली, "जूनमध्ये परत फॉर्म येईल ना तुला?"

"येईल. का?"

"सहाव्या रकान्यात काय लिहायचं माहितीय?"

"तुझं नाव."

"नाही. 'परीक्षेला जवळचं कोणी बसलेलं नाही' असं लिहायचं. आणि जाऊन आपलं बटण दाबायचं."

मग तो असा काही किंचाळला, की तिला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला, आणि आई झारा हातात घेऊनच धावत आली.

"काय गं? कोण ओरडतंय? पास झालीस का?"

"चारशे एकतीस," छिंग म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. फोनमधून तो अजून ओरडतच होता.