कोतवालाचा रोडगा

माझा जावई पायरीवरूनच ओरडतो, "चहा आणा!"

'मामी, बऱ्या आहात का' नाय. चपला उंबऱ्यात मधोमध सोडायच्या, जेवल्यावर ताटातच हात धुवायचे, अन् बायकोला सगळ्यांसमोर 'ए' म्हणून हाक मारायची. जावई म्हणजे मानाचा माणूस, म्हणून लग्नापासून हे सगळं मी गिळलं.

पण त्यानं एक गोष्ट अशी केली, की ती मी गिळणार नाय.

अन् ती न गिळणारी मी एकटी नाय. आणखी एक जण आहे.

फक्त... तो मेलाय.

माझी शाळा चौथीपर्यंतची, तवा लिहिण्यातल्या चुका पदरात घ्या. पण सांगते ते खरं घडलंय. खंडोबाच्या पायरीवर हात ठेवून सांगते. ज्याला खोटं वाटत असंल त्यानं आपल्या संभाजीनगरच्या सातारा गावात यावं, चतुराबाईचं घर विचारावं, अन् आमच्या वरच्या मजल्यावर थोडा वेळ एकट्यानं बसून दाखवावं.

चहा मी पाजीन. बसलात तर.

हे सुरू झालं गेल्या चंपाषष्ठीला. भर दुपारी. देवळातला ढोल माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

माझा जावई सुदर्शन, लासूर स्टेशनचा. तो कार्टून बनवतो. लेकरांच्या टीव्हीसाठी एक मालिका घेतली होती, 'शेपटीवाले जासूस'. कोतवाल नावाचा कुत्रा, बिजली मांजर अन् मुन्शी मुंगूस. गावात चोरी झाली की हे तिघं वास काढत जायचे अन् चोर धरायचे. कारखाना माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर. मजला माझा, मिजास त्याची.

चित्रं काढायला सम्यक नावाचा पोरगा होता. अन् कोतवालाचा आवाज माझी लेक प्रेरणा काढायची. बाईमाणूस कुत्र्याचा आवाज काढतंय म्हणून मी हसले होते. मग ऐकलं... अन् वळून बघितलं, घरात कुत्रं कुठून शिरलं म्हणून.

कोतवाल खरा होता बरं का. आमच्या गल्लीतला. डावा कान फाटलेला, मागचा एक पाय जीपखाली गेलेला. फरशीवर चालला की न बघता कळायचं.

टक. टक. टक. सर्रर्र...

सम्यकनं त्याला बघूनच चित्र काढलं. पण सुदर्शन म्हणाला, "लंगडा हिरो चालत नाय, मामी." मग चित्रात पाय नीट केला. गल्लीत तो बिचारा तसाच पाय ओढत राहिला.

आवाज भरायला वर एक छोटी खोली केली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या टांगल्या. माझ्याच गाद्या. अभ्रे मी हातानं शिवलेले. दार लावलं की आत कोणी कितीबी ओरडू द्या, जिन्यात काय ऐकू यायचं नाय.

मी हे शेजारणींना कौतुकानं सांगायची.

पहिल्याच भागात चोर कोतवालाला काठीनं मारतो. चॅनलवाल्यांनी तो भाग परत पाठवला. म्हणाले, कुत्र्याचं रडणं खोटं वाटतंय. हे जमलं तर सुदर्शनला मुंबईत मोठं काम मिळणार होतं. मग तो प्रेरणाला अन् माझ्या नातीला, मेघाला, घेऊन कायमचा जाणार होता. जमलं नाय तर सगळंच हातचं जाणार.

प्रेरणानं रडून बघितलं. परत रडली. घसा सुजला.

तो माझ्यासमोर तिला म्हणाला, "तुला साधं रडताबी येत नाय?"

मग चंपाषष्ठी आली.

आमच्यात रीत अशी की त्या दिवशी भरीत-रोडग्याचं पहिलं पान कुत्र्याचं. खंडोबाचं जनावर ते. ते जेवल्याबिगर घरात कोणी घास घेत नाय. त्या दिवशी कुत्र्याला कोणी 'हाड' म्हणत नाय. अन् कुत्र्यांनाबी ते कळतंय. कोणाच्याबी दारात बिनघोर येतात, हातातून खातात.

सुदर्शन आपल्या पायानं स्वयंपाकघरात आला. "मामी, कोतवालाचा रोडगा द्या. आज मी खाऊ घालतो."

मी गरम रोडग्यावर भरीत ठेवून त्याच्या हातात दिलं. मनात म्हटलं, खंडोबानं जावयाला अक्कल दिली.

जिन्यावर आवाज ऐकला. टक, टक, टक, सर्रर्र... कोतवाल त्याच्या मागं वर चालला होता. शेपूट हलवत गेला असणार.

मग वरचं दार लागलं.

अन् मग काहीच नाय...

मी वाट बघत बसले. रोडग्यांवर माशा बसायला लागल्या. प्रेरणा वर होती, तीबी खाली येईना. बऱ्याच वेळानं सुदर्शन उतरला. केस कपाळाला चिकटलेले. अंगात सकाळचा शर्ट नव्हता.

"वाढा."

"कोतवाल जेवला का, सुदर्शनराव?"

"जेवला."

त्यानं रोडगा मोडला अन् पहिला घास तोंडात घातला.

त्या दिवशी आमची गल्ली कुत्र्यांनी भरलेली असते. दिवसभर कलकलाट असतो. पण त्याच्या तोंडात घास गेला... अन् बाहेर एकही कुत्रं भुंकेना. ढोल वाजत होता, येळकोट चालू होता, माणसं ओरडत होती.

कुत्री मात्र गप्प.

दिवेलागणीला प्रेरणा खाली आली. लांब बाह्यांचा ड्रेस घातलेला. "थंडी वाजते, आई." आवाज पार गेलेला.

"रडून बसलाय," सुदर्शन म्हणाला. "पण जमलं एकदाचं."

त्या दिवसापासून कोतवाल दिसला नाय.

गल्लीतली बाकीची कुत्री आमच्या फाटकापाशी यायची बंद झाली. भाकरी टाकली तरी येईनात. रस्त्याच्या पलीकडं रांगेत बसायची... अन् आमच्या वरच्या खिडकीकडं बघत राहायची.

मग एक दिवस मी पीठ मळत होते. दुपारची वेळ, घरात कोणी नाय.

जिन्यावर...

टक. टक. टक. सर्रर्र.

लाटणं घेऊन बाहेर आले. जिना रिकामा. पण आवाज माझ्यासमोर एकेक पायरी चढत गेला. वरच्या दारापाशी थांबला.

मग रोजच यायला लागला. एक गोष्ट ध्यानात आली. तो चढायचा. उतरायचा कधीच नाय.

सम्यक एकदा घामाघूम होऊन खाली आला. "काकू, मी रोज कोतवालाचा पाय नीट करून जातो. सकाळी बघतो तर परत लंगडा. माझ्या चित्राला कोण हात लावतंय?"

मागून सुदर्शन आला. काय विचारलं नाय, पुसलं नाय, त्याच्या कानाखाली मारली. पोराच्या ओठातून रक्त आलं. त्यानं पिशवी उचलली अन् गेला.

चॅनलनं तो भाग पास केला. मुंबईला जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी सुदर्शननं गल्लीतल्या लेकरांना गोळा केलं, खालच्या खोलीत पडदे ओढले, अन् टीव्हीवर पहिला भाग लावला. मेघा माझ्या शेजारी. प्रेरणा भिंतीला टेकून.

लेकरं हसत होती. मुंगसाच्या चष्म्याला टाळ्या पडल्या.

मग चोरानं काठी उचलली.

पहिला वार पडला... अन् कोतवाल ओरडला.

ते तोंडानं काढलेलं रडणं नव्हतं. हाड मोडलं की जनावर जसं ओरडतं, तसं होतं ते. दुसरा वार. तिसरा. काठीचा आवाजबी खरा, ओला. एक पोरगी रडायला लागली. मेघानं कान झाकले.

अन् त्या रडण्याच्या खाली... अजून एक रडणं होतं.

बारीक. दबलेलं.

"आईऽऽ..."

कोणाला ऐकू आलं, कोणाला नाय. मला आलं. जिला नऊ महिने पोटात ठेवलं तिचा आवाज मला दुसऱ्यानं ओळखून द्यावा लागत नाय. मी प्रेरणाकडं बघितलं. ती खाली फरशीकडं बघत होती.

टीव्हीत कोतवाल पडला. भाग तिथं संपायचा होता.

पण...

कोतवाल उठला.

मागचा पाय ओढत तो काचेच्या जवळ जवळ आला. त्याचं नाक आख्ख्या टीव्हीएवढं झालं. काचेवर वाफ धरली. आतल्या बाजूनं. नाक हुंगायला लागलं. एका कडेच्या लेकरापासून सरकत सरकत पुढं. मेघावरून गेलं. माझ्यावरून गेलं, तवा माझ्या गुडघ्याला गरम वारा लागला.

सुदर्शनपाशी आलं...

अन् थांबलं.

"बंद कर ते!" तो किंचाळला. मेघानं रिमोट दाबला. टीव्ही काळा झाला.

आवाज बंद झाला नाय.

टक. टक. टक. सर्रर्र... माझ्या फरशीवर.

मग सुदर्शनचा उजवा हात झटक्यात खाली ओढला गेला. जसं काय त्याला कोणी लोंबकळलंय. कातडीला भोकं पडत गेली, एकाला लागून एक, आमच्या डोळ्यांसमोर. पुढं काहीच दिसत नव्हतं. नुसतं मांस ताणलं जात होतं अन् फाटत होतं. रक्ताची चिळकांडी टीव्हीवर उडाली. तो आडवा पडला. फरशीवरून जिन्याकडं फरफटत चालला, अन् मागं लाल पट्टा उमटत गेला. लेकरं दाराकडं पळाली.

त्यानं डाव्या हातानं कपडे वाळत घालायची काठी धरली अन् आंधळ्यासारखी फिरवली. टीव्ही फुटला. प्रेरणा त्याला धरायला गेली.

काठी तिच्या खांद्यावर बसली.

"आईऽऽ!"

तेच रडणं. जसंच्या तसं. आता सगळ्यांनी ऐकलं.

अन् त्या आवाजासरशी... सुदर्शनचा उजवा हात सुटला. घर गार पडलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं म्हणे, "कुत्रं कुठंय? पाळीव की मोकाट?"

मी तिकडं गेलेच नाय. मी वर गेले, गादीच्या खोलीत. एक गादी उलटी टांगलेली होती. शिवणीची बाजू बाहेर. माझ्या हातची शिवण मला कळायलाच पाहिजे. गादी ओढली. मागच्या अंगाला वाळलेलं काळं रक्त, ढोपरापासून डोक्यापर्यंत. त्यात कुत्र्याचे केस. अन् हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला.

प्रेरणा माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं बाही वर केली. मी इथं ते लिहीत नाय. आईला लिहवत नाय.

"त्याला दाराच्या कडीला बांधलं होतं, आई. मी मधी पडले. यांनी आवाज भरायचं बंद केलं नाय. नंतर हेडफोन लावून ऐकलं अन् म्हणाले... दोघांचं मिळून जमलं."

"अन् कोतवाल?"

"गोणीत घालून बायपासच्या पुलाखाली टाकला."

गादीच्या मागं, भिंतीच्या कोपऱ्यात रोडगा पडला होता. वर भरीत. एक घाससुद्धा मोडलेला नाय. मुंगी नाय, बुरशी नाय. चंपाषष्ठी होऊन महिना उलटला होता.

मी हात लावला...

रोडगा गरम होता.

सम्यकला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, माझ्या शेवटच्या चित्रात कोतवाल पडलेलाच आहे. तो उठतो असं चित्र मी काढलंच नाय."

तो रोडगा मी फाटकापाशी पानावर ठेवला. सकाळी पान चाटून पुसून साफ. मला वाटलं, फिटलं सगळं.

पण आवाज थांबला नाय. रोज चढतो. मला त्यानं काय केलं नाय, मेघाला काय केलं नाय. तरी एक गोष्ट मनातून जात नाय. त्या गाद्यांचे अभ्रे माझ्या हातचे होते. त्याला ते ठाऊक असंल का?

अन् काल सुदर्शन आला. हात गळ्यात बांधलेला. पायरीवरूनच ओरडला.

"चहा आणा! अन् प्रेरणाला म्हणावं बॅग भर. गाडी उभी आहे."

आत प्रेरणाच्या हातातलं भांडं पडलं. मेघा तिला बिलगली. मी पदर खोचून उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागं, जिन्यावर...

टक. टक. टक. सर्रर्र.

मी कान दिला.

पहिल्यांदाच... आवाज खाली उतरत होता.

सुदर्शननंबी ऐकला. त्याचं तोंड पांढरं पडलं. रस्त्यापलीकडची कुत्री सगळी एकदम उभी राहिली.

आजपर्यंत मी त्याला 'राव' लावल्याबिगर हाक मारली नव्हती. काल लावलं नाय.

"सुदर्शन, माझी लेक येणार नाय. माझी नात येणार नाय. तू दाराशी आलेल्या जनावराला खंडोबाच्या नावानं वर नेलंस अन् मारलंस, अन् त्याच काठीनं माझ्या पोरीला मारलंस. आता तो खाली येतोय. फाटक उघडं आहे, पळायचं तर पळ. पण त्याला 'हाड' म्हणणारं या घरात कोणी नाय."