मागे पडलेली डिस्क

नवा संगणक दुपारी आला. अंधांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारी ती छोटी संस्था. तिथला जुना संगणक एका सकाळी सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने तो मोडीत काढला, पण आतल्या दोन्ही डिस्क धड आहेत असे सांगितले. त्या नव्या संगणकात बसवून आतले सारे पुन्हा दिसते करायचे, एवढेच काम होते. ते धाकट्या बाईंकडे आले, कारण वाचनाबरोबर यंत्रांची निगाही त्याच राखत.

त्यांना धाकट्या बाई म्हणत ते वयामुळे नव्हे. मोठ्या बाई त्यांच्याआधी रुजू झाल्या होत्या, इतकेच. धाकट्या बाईंचे उच्चार निर्दोष होते. मोठ्या बाईंचा आवाज कानी पडला की माणसाच्या हातातला घास हातातच राही. जिना चढून येणारा प्रत्येक श्रोता आधी मोठ्या बाईंची चौकशी करी. धाकट्या बाईंनी त्यांना वर्षानुवर्षे पाण्यात पाहिले आणि तोंडाने त्यांच्या खोकल्यावर औषधे सुचवली.

मोठ्या बाई नुकत्याच वारल्या होत्या. जाण्यापूर्वी त्यांनी जहाजे बांधणाऱ्या एका घराण्याची जाडजूड कादंबरी वाचून पुरी केली होती. ती त्या डिस्कवर होती, दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि श्रोते तिची वाट पाहत होते.

व्यवस्थापक दारातून म्हणाले, "जोडी आहे ना त्या डिस्कची? मग काळजी नाही. संसारासारखंच. एक रुसला तरी दुसऱ्याला घरातलं सगळं ठाऊक असतं."

"दोघांचं पटत नसेल, तर खरं कोणाचं मानायचं ते आपल्याला ठरवावं लागतं," धाकट्या बाई म्हणाल्या.

ते हसून निघून गेले.

जोडी सॉफ्टवेअरनेच बांधलेली होती. एकीवर जे लिहिले जाई, तेच त्याच क्षणी दुसरीवरही उमटे. पण नव्या संगणकाने दोघींना एकत्र घेण्यास नकार दिला. एक डिस्क मागच्या हिवाळ्यातच जोडीतून निखळली होती. वायर सैल झाली असावी; सूचना येत राहिली, आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मागे पडलेल्या त्या डिस्कवर त्यानंतर वाचलेली कादंबरी नव्हतीच. आता दोघींपैकी एक डिस्क खरी ठरवायची होती, आणि दुसरीवर तिचेच सारे उतरणार होते, आधीचे पुसून.

धाकट्या बाईंनी आधी योग्य तीच डिस्क सुरू केली. हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. कादंबरी जागेवर होती. नीट आहे का पाहावे म्हणून त्यांनी पहिले प्रकरण लावले.

तो आवाज खोलीभर पसरला. आजारातही तो उणा झाला नव्हता. उलट, त्यात काहीतरी भर पडली होती. धाकट्या बाई ऐकत राहिल्या, आणि मेलेल्या बाईविषयी दया वाटायला हवी होती तिथे त्यांच्या मनात जुनीच असूया उठली. आता ही मेल्यावरही ऐकली जाणार. मत्सराला शस्त्र लागत नाही, संधी पुरते.

त्यांनी आवाज बंद केला. मागे पडलेली डिस्क खरी ठरवली, आणि तिचे दुसरीवर उतरवायची आज्ञा दिली.

काम संथ होते. बाहेर आभाळ दाटून आले होते. डिस्कची बारीक घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि त्यात हळूहळू मिसळत गेलेला लवंगेचा... मोठ्या बाई वाचताना दाढेखाली लवंग धरीत. धाकट्या बाईंनी खिडकी उघडली. वास गेला नाही.

मग त्यांचे लक्ष ध्वनियंत्राकडे गेले. काचेपलीकडच्या वाचनकक्षात अंधार होता, माइक बंद होता, आणि तरीही आवाजाची पातळी दाखवणारा काटा हलत होता. तो उगाच थरथरत नव्हता. उचलला जाई, टिके, उतरे. स्वल्पविरामाला किंचित थांबे, परिच्छेद संपला की श्वासापुरता खाली बसे. कोणीतरी वाचत होते. शांतपणे, घाई न करता, पुढे पुढे...

"कोण आहे आत?" त्यांनी अगदी हळू विचारले.

काटा क्षणभर थबकला. मग वाचन पुढे चालू झाले.

नक्कल पूर्ण झाली तेव्हाच तो खाली बसला.

कादंबरी गेली, असे त्यांनी व्यवस्थापकांना सांगितले. मग व्यवस्थापकांनी तीच विनंती केली, जी व्हावी म्हणून सारे घडले होते: आता तुम्हीच वाचा. धाकट्या बाईंनी जीव ओतून वाचले. ध्वनिमुद्रण स्वतः तपासले, ऐकले, आणि समाधान पावून श्रोत्यांकडे पाठवले.

पहिला फोन एका अंध निवृत्त गुरुजींचा आला. मोठ्या बाई गेल्याची अफवा ऐकून ते दोन दिवस नीट जेवले नव्हते म्हणे. "लोक काहीही उठवतात. आवाज थोडा थकलाय, पण मोठ्या बाई अंगावर काटा आणतात अजून. त्यांना माझा नमस्कार सांगा."

गुरुजींचे कान आता थकले, असे म्हणून धाकट्या बाई हसल्या. दुसराही फोन तसाच आला. तिसऱ्यानंतर त्यांनी व्यवस्थापकांना बोलावून ध्वनिमुद्रण लावले. त्यांच्या स्वतःच्या कानांना तो स्वतःचाच आवाज होता, निर्दोष आणि स्वच्छ. व्यवस्थापकांचे डोळे मात्र भरून आले.

"म्हणजे त्यांचं वाचन मिळालं तुम्हाला! सांगायचं तरी. तुम्हाला स्वतः वाचायची संधी होती, बाई, आणि तुम्ही त्यांचं काम वाचवलंत. एवढं मोठं मन कोणाचं असतं?"

ध्वनिपुस्तकाच्या मुखपृष्ठावर व्यवस्थापकांनी मोठ्या बाईंचे नाव घातले. धाकट्या बाईंना ते खोडता येईना. खोडायचे तर काय पुसले ते सांगावे लागले असते.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्या देवापुढे उभ्या राहिल्या. मनातल्या मनात कबूल करून भागेना, म्हणून त्यांनी प्रथमच सारे उघड उच्चारले: काय केले, कशासाठी केले, आणि क्षमा.

आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांनी हाक मारली. "कोण आलंय गं बाहेर? किती गोड आवाज आहे."

"कोणी नाही, आई. मीच आहे."

मग सासूबाई परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने म्हणाल्या,

"बसा हं, बाई. आमची सून येईलच इतक्यात."