जराशी फिरवलेली बाटली

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि अण्णाजींच्या किराणा दुकानात एक अनोळखी तरुण फळीवरच्या शरबताच्या बाटल्या एकेक करून जरा जरा फिरवत उभा होता. गल्ल्यावर बसलेली अण्णाजींची मुलगी कोकिळा ते पाहत होती. त्याच्या केसांत कापूस अडकला होता आणि स्वारीला त्याचा पत्ताच नव्हता.

“त्या बाटल्यायनं काही बिघडवलं का तुमचं?”

तो चपापला. “हाताले सवय झाली… नारायणगावाकडं कारखान्यात रोज हेच करतो.”

“काय भरतात त्यात?”

“वाइन… फेसाची.”

दारूबंदीच्या जिल्ह्यात, त्यातही दारूविरोधी मोर्च्यात पुढे चालणाऱ्या अण्णाजींच्या दुकानात, असं बोलायला धाडस लागतं, नाहीतर भाबडेपणा. त्या तरुणाकडे, हिरालालकडे, भाबडेपणा भरपूर होता. कोकिळेला तो फार आवडला.

मग गावी आलेल्या त्या सुट्टीभर तो रोज काहीतरी घ्यायला विसरायचा. कधी मीठ, कधी काडेपेटी. नेमके अण्णाजी जेवायला गेले की त्याला आठवण व्हायची.

“बाटल्या तोंड खाली करून ठेवतात,” तो सांगायचा. “रोज जराशी फिरवली की गाळ तोंडाशी येते, मंग काढता येते. घाई केली तं सारं ढवळून जाते.”

“अन् बूच?”

“पूर्वी फ्रान्सात लाकडाची खुंटी ठोकत, तेलातलं फडकं गुंडाळून. फेस निसटून जाये. मंग झाडाच्या सालीचं बूच आलं, तं आतला जोर कोंडला अन् बाटल्याच फुटाले लागल्या. तळघरात माणसं लोखंडी मुखवटे घालून जात.”

“तुमाले शोभला असता मुखवटा,” कोकिळा म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

निघायच्या दिवशी त्याने खिशातून एक बूच काढून तिच्या तळहातावर ठेवलं. भूछत्रासारखं, एका बाजूनं फुगलेलं.

“आत जाताना सरळ असते. एकदा बाहेर आलं की पुन्हा आत जात नाई.” मग त्याने विचारलं, “अण्णाजीले विचारू मी?”

“ते नाई म्हणतीन.”

“अन् तुम्ही…?”

होकार अगदी ओठांवर आला होता. कोकिळेने तो गिळला. एसटी गेली, आणि तिला स्वतःचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही.

होळीला हिरालाल पुन्हा दुकानात आला. गल्ल्यावर अण्णाजी होते, कोकिळा तांदूळ निवडत होती.

“पाहा, ही पोरगी रोज बाटल्या फिरवून ठेवते,” अण्णाजी कुरकुरले. “गिऱ्हाइकाले नाव दिसत नाई. काऊन, तं सांगत नाई.”

हिरालाल फळीकडे पाहतच राहिला.

“सांगते,” कोकिळा म्हणाली. तिने तांदूळ बाजूला सारले. “हे वाइनच्या कारखान्यात हेच काम करतात. अन् मले यायच्यासंगच लगन करायचं आहे.”

अण्णाजींनी चष्मा काढला. “पेतोस का रे?”

“चाखतो. कामापुरती,” हिरालाल म्हणाला. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्याला ते जमलं नाही.

अण्णाजी उठले. खसच्या बाटलीचं नाव त्यांनी सरळ समोर केलं. मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, मुठीत बूच घट्ट धरून. त्यांनी ती बाटली पुन्हा जराशी फिरवली, होती तशी.

“कोकिळे, पाहुण्याले चहा ठेव.”