काळ्या तबकडीतला सांगावा

वैशाखातली दुपार होती. डोणगावच्या उत्तमरावांचा हरिओम तबकडी वाजवण्याचे जुने यंत्र घेऊन खामगावहून जानेफळला आला, तेव्हा धम्मशीला ओसरीत गिटारच्या तारा पुसत बसली होती. यंत्र त्याने दुपट्ट्याने पोटाशी बांधून आणले होते. लेकरू आणावे तसे.

“घे,” तो म्हणाला, “आता तरी ऐकू, आपन तबकडीवर कसं बोंबललो ते.”

बोंबलणे हा शब्द त्यांच्या संगीताला अन्यायकारक नव्हता. ती गाई आणि गिटार वाजवी, तो ड्रम बडवी. दोघांच्या त्या पंक रॉक बँडचे नाव ‘येत नाही’. पहिला संग्रह त्यांनी हट्टाने काळ्या तबकडीवर काढला होता, आणि ती वाजवायला दोघांपैकी कोणाकडेच यंत्र नव्हते. कारखान्याने तपासणीसाठी पाठवलेला नमुना हरिओमने उन्हात धरून पाहिला, “काळी हाय, गोल हाय, भोक मधोमध हाय,” असा निर्वाळा दिला आणि होकार कळवून टाकला. बाकीच्या तबकड्या कारखान्यातूनच परस्पर मागणारांच्या घरी रवाना झाल्या.

नावामागे धम्मशीलेचे आजोबा कचरू होते. मरणाचा सांगावा गावोगाव पोचवणे आणि डफ वाजवणे ही गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या कचरूंच्या घराकडे होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी डफ पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगला. पुढे मोठ्या घरात कोणी वारले, हाक आली, आणि कचरूंनी आतूनच उत्तर दिले : येत नाही. अंगावर वळ उठले; माणूस उठला नाही.

तोच डफ शेवटच्या गाण्यासाठी धम्मशीलेने उतरवला होता. तुराट्यांच्या जाळावर त्याचे कातडे तापवून तिने तो सगळ्या संतापानिशी वाजवला. तिची आत्या बनाबाई, कचरूंची लेक, तेव्हा एवढेच म्हणाली होती, “डफ वाजला का त्यायले वाटते, कचरू घरी हाय.”

आता बनाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. पत्र्याचे छप्पर उन्हाने तडतडत होते. हरिओमने नमुन्याच्या तबकडीवर सुई टेकवली. पहिली बाजू वाजली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दोघे पोरांसारखे हसले.

“आत्याबाई, कसं वाटलं?”

“मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी,” बनाबाई म्हणाली. “पन मांजर खरं बोलून राह्यली.”

दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे डफाच्या एका थापेवर तुटले. त्यानंतर नुसती खरखर उरायला हवी होती. ती उरली; पण तिच्या तळाशी, फार लांब, उन्हाने भाजलेल्या माळापलीकडून यावी तशी एक हाक होती.

“कचऱ्या… ए कचऱ्या…”

बनाबाईच्या हातातले सूप थांबले.

“हे कधी भरलं बे?” हरिओमने विचारले. ध्वनिमुद्रण त्या दोघांनी याच खोलीत केले होते. शंभरदा ऐकले होते. असे काही त्यात नव्हते. त्याने सुई उचलून मागे ठेवली. डफाची थाप पुन्हा तुटली, आणि हाक आली. या वेळी ती माळापलीकडून आली नाही. गल्लीच्या तोंडातून आली. खोलीत ओल्या कातड्याचा आणि जळक्या तुराट्यांचा वास दाटला.

“घरातच हायेस तू. डफ ऐकला म्या. ऊठ.”

तो आवाज हुकमाच्या सवयीचा होता. चढलेला नव्हता, चढण्याची गरज त्याला कधी पडली नव्हती.

“कोनी बोलू नोका…” बनाबाई कुजबुजली. “त्या हाकेले ओ द्याची नसते…”

धम्मशीलेने दात आवळले. तिच्या घराला हे ज्ञान उपजत होते. हरिओमच्या घराने हाका घातल्या होत्या. त्याला कोणी कधी अशी घातली नव्हती. त्यामुळे त्याला भीती कशाची हेच कळले नाही. त्याने हसून यंत्राकडे पाहत मान लववली.

“हाव बाप्पा, आलो न!”

सुई आपोआप उचलली गेली. हरिओमचे हसू ओठांवर तसेच राहिले, पण त्यामागचा माणूस हलला. त्याने बूट काढले, ते जोडीने भिंतीशी ठेवले, खांदे आत ओढले आणि मान खाली घालून तो अनवाणी उन्हात निघून गेला. धम्मशीलेने हाका मारल्या. तिच्या हाकेला मात्र त्याने ओ दिली नाही.

घरातली ती तबकडी तिने त्याच संध्याकाळी दगडावर फोडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हरिओम अंगणात येऊन उभा राहिला. पावलांना चिरा पडल्या होत्या. सावलीत आला नाही. पाण्याला शिवला नाही.

“सांगावा हाय…” तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

“कोनाचा?” तिने विचारले. त्याने तेच पुन्हा म्हटले.

“आंधी ‘ऐकलं’ म्हना लागते,” बनाबाईने तिचे मनगट धरले. “मंगच तो नाव सांगते, अन्‌ मोकळा होते. पन नोको म्हनू, पोरी. नाव घेतलं का ते माणूस गेलं. अन्‌ सांगावा आपल्या दारी आला म्हंजे माणूस आपलंच.”

उत्तमराव जीप घेऊन आले, मुलाला उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा उभा होता. त्यांनी त्याला खोलीत कोंडले. तरी तो उभा होता. अखेर तो जाडजूड, करारी गृहस्थ धम्मशीलेच्या दारात हात जोडून उभा राहिला.

“एक डाव म्हन, बाई… मह्या पोराले सोडव.”

“कोनाच्या जिवावर, काका?”

हरिओमच्या ओठांना आता भेगा पडल्या होत्या, आणि तो तिचा एकुलता मित्र होता. घरात ती होती, बनाबाई होती. दोघींपैकी एकीचे नाव त्याच्या जिभेवर होते.

त्या दुपारी अंगणात दोघे जण उभे होते. हरिओमशेजारी एक अनोळखी तरुण होता. पाठीवर शहरी पिशवी, आणि पिशवीतून तबकडीच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या वेष्टनाचा कोपरा डोकावत होता. त्यावरची ‘येत नाही’ ही अक्षरे धम्मशीलेने स्वतः रेखाटलेली होती. बूट त्याने फाटकाशी जोडीने ठेवले होते.

“सांगावा हाय…” दोघांचे ओठ एकदम हलले.

धम्मशीलेच्या घशाशी शब्द आला. तिने तो गिळला, दार लोटले आणि पाठ टेकवून उभी राहिली. समोर बनाबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या अंधारातून, शांतपणे, एक पुरुषी आवाज म्हणाला,

“ऐकलं.”

घरात पुरुष नव्हता.

“आत्या…” धम्मशीलेने विचारले. “आजोबा…?”

बनाबाईने हात खाली घेतले. तिने सावकाश मान हलवली.

“नाही… हा मह्या बाबाचा आवाज नोहे. तबकडीतून हाक मारत होता, त्याचा हाय.”

दारापलीकडे हरिओमने नाव सांगायला खाकरून घसा साफ केला.