मोहाच्या गोदामातली कचेरी

सुकी धोडी लंगडत जिना चढली आणि खुर्ची असताना जमिनीवरच टेकली.

"बाय, शुक्रवारी माझी जमीन जाईल," ती म्हणाली.

निर्मला सावे डहाणूतल्या एकमेव खाजगी गुप्तहेर. एकमेव, म्हणून सर्वोत्तमही त्याच, असं सुदाम म्हणे. तो त्यांची इको गाडी चालवायचा, दिवसभर चिकू खायचा आणि कुठल्याही गोष्टीचा अर्थ एक दिवस उशिरा लावायचा.

"आधी पायाचं सांग," निर्मलाताई म्हणाल्या.

"काल कचेरीपुढं बसलेलो तवा हादरा आला ना! सगळी अनवाणी शेतात पळालो. भाताचा खुंट घुसला."

२०१८चा डिसेंबर होता. महिनाभर तलासरी-डहाणूची जमीन थरथरत होती आणि माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होती.

सुकीचं म्हणणं सरळ होतं. तिचा सासरा चैत्या याला १९६९ साली झरीच्या जंगलातला तुकडा कसायला मिळाला. एकसाली, म्हणजे दरवर्षी नव्याने द्यायचा. सासरा गेला, नवरा लक्ष्याही गेला. ती एकटी कसतेय. वनहक्काच्या दाव्याला पुरावा एकच, मोहपाड्याच्या जुन्या कचेरीतली नोंदवही. काल हादऱ्यात कपाट पडलं आणि नेमकी तीच वही गायब झाली. सुनावणी शुक्रवारी होती.

"सुदाम, गाडी काढ."

मोहपाड्याची कचेरी काळ्या दगडाची, कौलारू. भिंतींना तडे गेल्यामुळे ती सोमवारी पाडायची होती. सगळा कारभार समोर, अंथरलेल्या ताडपत्रीवर. सुदामने त्यावर पाय टाकला मात्र, शिपाई बाळ्या ओरडला, "ओ, पायताण बाहेर! साहेब असो नाय तर मंत्री, इथं चपलेसकट कोणी चढत नाय."

सुदाम ओशाळून मागे सरला.

"काल काय झालं, बाळ्या?" निर्मलाताईंनी विचारलं.

"हादरा आला तशी सगळी शेतात. हादरा थांबला, सगळी गप उभी राहिली, मंग आतून धाडकन आवाज. कपाट पडलेलं."

"इमारत जुनी दिसते."

"इंग्रजांच्या टायमाची. माझा आजा इथं पिंपं लोटायचा. मोहाच्या दारूचं गोदाम व्हतं हे. कचेरी मागाहून झाली."

कारकून विनोदच्या दोन्ही तळपायांना पट्ट्या होत्या. "नक्कल काढायची म्हणून वही सकाळीच कपाटात वर ठेवली होती, मॅडम. खोली दिवसभर उघडीच असते. पण भीतीने आत जातो कोण? मागच्या आठवड्यात दिपकशेठ मापं घ्यायला गेले होते, तेवढेच."

"हाच चोर," सुदाम कुजबुजला. "कागद याच्याच ताब्यात."

दिपकशेठ पाडकामाचे ठेकेदार. नाडीचे उंच बूट, हातात मोजपट्टी.

"मी ताडपत्रीवर चहा पीत बसलो होतो, मॅडम. हादरा आला, सगळ्यांबरोबर उठलो नि पळालो."

"लागलं नाही ना कुठे?"

"बुटांना खुंट काय करणार?" ते हसले. "पडीक इमारत, कपाट पडणारच. सोमवारी पाडतो आणि मलबा माझ्या खाणीत टाकतो."

"खाण कुठे तुमची?"

"झरीला."

आत सागवानी कपाट पालथं पडलं होतं. मागच्या भिंतीत अंगठ्याएवढे लोखंडी आकडे होते, वाकलेला एकही नव्हता. निर्मलाताईंनी सुदामच्या खिशातून एक कडक चिकू काढून फरशीवर ठेवला. चिकू घरंगळत कोपऱ्यात गेला आणि भिंतीच्या बुडाशी असलेल्या दीड वीत रुंद मोरीत नाहीसा झाला.

"ताई, माझा चिकू!"

"मिळेल. सगळ्यांना ताडपत्रीवर बोलाव."

सगळे आले. चपला भराभर निघाल्या. दिपकशेठ मात्र वाकून नाड्या सोडत राहिले. निर्मलाताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"एक मिनिट दहा सेकंद," त्या म्हणाल्या. "घालायला याहून जास्त लागतील. दिपकशेठ, काल हादरा किती वेळ टिकला?"

"असेल... चार-पाच सेकंद."

"ताडपत्रीवर बाळ्या कुणाला पायताणासकट बसू देत नाही. इथे बसलेला प्रत्येक जण अनवाणी पळाला. सुकीच्या पायात खुंट घुसला, विनोदच्या तळपायांना पट्ट्या आहेत. तुम्ही बुटासकट कसे पळालात? कारण तुम्ही इथे नव्हताच. मोजपट्टी घेऊन इमारतीमागे होता. हादरा आला की माणूस बाहेर पळतो. काल एकच माणूस आत पळाला."

बाळ्याने दिपकशेठचे बूट उचलून आपल्यामागे ठेवले.

"कपाट हादऱ्याने पडलं नाही. दारूची पिंपं गडगडू नयेत म्हणून भिंतीत आकडे ठोकलेले होते, पुढे कचेरीचं कपाटही त्यांनाच अडकवलं. हादऱ्याने पडतं तर आकडे वाकले असते. ते उचलून सोडवलं आणि मग ढकललं, म्हणून आवाज हादरा थांबल्यावर आला. संधी आयती मिळाली, शेठ, पण एवढी जाड वही चाळीस माणसांसमोरून न्यायची कशी?"

"मग गेली कुठे?" सुदामने विचारलं.

"तुझ्या चिकूमागे. सांडलेली दारू वाहून जावी म्हणून गोदामाच्या फरशीला उतार असतो आणि मागे खड्डा. आतून मापं घेणाऱ्याला ते माहीत असणारच. सोमवारी इमारत पडली असती आणि वही मलब्याबरोबर झरीच्या खाणीत गाडली गेली असती. सुकीचा दावा फेटाळला की शेजारचा तुकडा खाणीला मागता आला असता."

इमारतीमागच्या खड्ड्यावरची शिळा चौघांनी सरकवली. सुदामने खांद्यापर्यंत हात घातला. आधी चिकू निघाला, मग लाल रुमालात बांधलेली वही. विनोदने पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "चैत्या धोडी, झरी." खाली अंगठा होता, निळा आणि स्वच्छ.

माणसांनी असा गलका केला की बाळ्यालाही नवा हादरा आल्यासारखं वाटलं. दिपकशेठ अनवाणीच रस्त्याकडे निघाले होते. खुंटांनी त्यांना फार लांब जाऊ दिलं नाही. विनोदने पोलिसांना फोन लावला.

शुक्रवारी सुनावणीला सुकी वही छातीशी धरून बसली होती. वही द्यायला विनोद आलाच होता, पण तिने ती त्याच्या हातात राहूच दिली नाही. अधिकाऱ्यांनी पान पाहिलं, नक्कल पाहिली आणि मान डोलावली.

"दावा मंजूर. कुणाच्या नावाने लिहू? सासऱ्यांच्या की नवऱ्याच्या?"

सुकीने वर पाहिलं. सगळं सभागृह ऐकत होतं.

"ते दोघं मेले, साहेब. नांगर मी धरते," ती म्हणाली. "सुकी धोडी लिवा."