सतरावं पान वाचणारा

प्रिंटरमधून नुकती निघालेली माझी पानं त्याच्या हातात होती. आणि तो ती चाळत नव्हता... वाचत होता.

"माझी आहेत ती," मी म्हणाले.

"हो का? सॉरी. माझी तीनच होती, ही थांबायलाच तयार नाहीत." त्याने गठ्ठा पुढे केला. कागद अजून कोमट होते. "सतराव्या पानावरचा आलेख एकदा बघाल? एक देश उलटा वाटतोय. चलनांचे दर कुठून घेतलेत?"

झालं. मी पानं छातीशी धरली आणि तिथून निघाले.

माझ्या संशयाला कारण होतं. आमच्या आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राच्या वर्गातून मॅडम पुढच्या संशोधनासाठी एकालाच शिष्यवृत्ती देणार होत्या. ती मिळाली नाही तर माझं शिक्षण इथेच संपणार होतं. गेल्या वर्षी एका मैत्रिणीला मी विश्वासाने माझा विषय सांगितला, तर दोन आठवड्यांनी तो तिच्या नावाने सूचनाफलकावर लागला. आणि यंदा या माणसाचाही अर्ज होता.

"हेर आहे तो," घरी आल्या आल्या मी ताईला सांगितलं.

"दिसायला कसा आहे?"

"ताई, हेर आहे म्हणतेय मी."

"ते ऐकलं गं. दिसायला?"

दुसऱ्या दिवसापासून हेर कॉम्प्युटर लॅबमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर. विचार करताना चष्मा कपाळावर सरकवायची सवय, बोटांना शाईचे डाग. मी स्क्रीन तिरका केला. फाइलचं नाव बदलून 'किराणा यादी' ठेवलं.

"किराणा बराच आहे," तो समोर बघतच पुटपुटला. "अकरा देशांचा."

मला हसू येत होतं... ओठ दाबून धरले. हसवणारी माणसं तर जास्तच धोक्याची.

चार दिवसांनी पुन्हा तेच. "ते दर तुम्ही कुठून—"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"असंच."

'असंच' ऐकलं की माझे कान टवकारतात. म्हणून महिनाभराने त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी सरळ थाप मारली. "एका जागतिक संस्थेचा तयार तक्ता आहे. सगळे दर त्यातलेच." खरं तर मी एकेका देशाच्या मध्यवर्ती बँकेचं पान उघडून ते उतरवले होते.

त्याचा चेहरा मोकळा झाला. "तयार तक्ता? मग सगळे एकाच पद्धतीत असणार. माझीच शंका चुकली. सॉरी हं."

त्यानंतर दोन दिवस त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही... आणि याचाही मला संशय आला.

मॅडमसमोर प्रबंध मांडायचा होता त्याच्या आदल्या दिवशी ताई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "एक सांग. चोर कधी पानाचा नंबर सांगून जातो का?"

मी तशीच उठले आणि भर दुपारी लॅब गाठली.

दहा देशांच्या बँका सांगत होत्या, एका डॉलरसाठी आपलं चलन किती मोजावं लागतं. अकरावी सांगत होती, आपल्या एका नाण्याचे डॉलर किती येतात. तक्त्याखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. माझ्या आलेखात रेषा वर गेली की चलन घसरलं, असा हिशोब. म्हणजे 'सर्वांत मोठी घसरण' म्हणून ज्या देशावर मी अख्खा प्रबंध उभा केला, त्याचंच चलन तेवढं वधारलं होतं. मी थाप मारली नसती, तर हे मला केव्हाच कळलं असतं.

शेजारच्या खुर्चीवर तो होताच.

"मी खोटं बोलले होते," मी स्क्रीनकडे बघत म्हणाले. "दर एकेका बँकेकडून घेतलेत."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग तो देश उलटाच आहे."

"हो. आणि उद्या माझं सादरीकरण आहे. व्हा खूश."

"पाणी आणू का?" त्याने चष्मा वर सरकवला. "पण परदेशी पैसा त्या देशातून पळत असताना त्यांचं चलन वधारलं कसं?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. सहाला लॅब बंद होईपर्यंत आम्ही दोघं खोदत बसलो, आणि सापडलं. परके निघून जात होते तेव्हा त्या देशातल्या लोकांनी बाहेर ठेवलेला आपला पैसा घरी आणला होता.

रात्रभर जागून मी प्रबंध त्यावर नव्याने उभा केला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वीस मिनिटं मला धारेवर धरलं. शेवटी मी सांगितलं, मूळ चूक माझी होती आणि ती कोणाच्या लक्षात आली तेही.

तीन दिवसांनी जिन्यापाशी शिष्यवृत्तीचा निकाल लागला. नाव माझं होतं. मागे वळले तर तो हसत उभा. हरलेला माणूस इतका कशाला हसेल?

"तुम्हाला नको होती का ही जागा?"

"हवी होती. पुढच्या वर्षी परत अर्ज करणार. पण तुमच्या चुकीच्या जिवावर नको होती."

"फार गोड बोलताय. संशयास्पद आहे."

"बोलल्यावर मलाही तसंच वाटलं."

"मग तीन-तीनदा का विचारलंत?"

"पहिल्यांदा खरंच दरांसाठी." तो जमिनीकडे बघायला लागला. "नंतर... तुमच्याशी बोलायला दुसरा विषयच सुचेना."

"पुरावा?"

"दीड महिना त्या खुर्चीवर बसलोय. बाकी बारा खुर्च्या रिकाम्या असतात. ती डावीकडे कलते. माझी मान बघा."

बघितली. मान खरंच कललेली होती.

"आणि तुमचं काय?" त्याने हळूच विचारलं.

'विचार करून सांगते' ओठांवर आलं होतं. पण एक थाप किती महागात पडली असती ते ताजंच होतं.

"तुम्ही गप्प होतात ते दोन दिवस," मी म्हणाले, "माझी एक ओळ लिहून झाली नाही. पुरावा नाहीये. विश्वास ठेवावा लागेल."

"ठेवला," तो म्हणाला. लगेच.

मी त्याच्या आखडलेल्या मानेवर हात ठेवला. जिन्यावरून येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते... म्हटलं, बघू देत.